आरसी गाडीचा डिफ दर पावसाळ्यात जाम होतो: अडकलेला गिअर न फोडता कसा काढावा

मुंबईत रेडिओ-नियंत्रित गाड्या चालवणाऱ्या अनेकांना एक त्रास दरवर्षी होतो. नोव्हेंबर ते मे या काळात गाडी अक्सा किंवा गोराईच्या समुद्रकिनारी ओल्या वाळूत धावते, घरी आल्यावर नळाखाली धुतली जाते, पुसून माळ्यावर ठेवली जाते, आणि जुलैमध्ये तेल बदलण्यासाठी डिफरन्शियल (थोडक्यात डिफ, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच) उघडायला घेतले की त्यातील काही ना काही जागचे हलत नाही. कधी अख्खा डिफ गिअरबॉक्समधून निघत नाही, कधी कपावरचे (डिफच्या दोन्ही बाजूंना बाहेर येणाऱ्या, पोकळ डोक्याच्या दांड्यावरचे) बेअरिंग निघत नाही, तर कधी सगळे उघडूनही आतला सन गिअर, म्हणजे कपाच्या दांड्यावर बसणारा गिअर, दांड्याला घट्ट धरून बसतो. माझ्या १:८ मापाच्या बगीच्या मागच्या डिफमध्ये हे सलग तीन पावसाळे झाले. दुसऱ्या वर्षी मी घाईने हातोडी चालवली आणि डिफचा डबा (गिअर ज्यात बसतात ते कवच) तळाशी चिरला. तो डबा का चिरला, हे नीट समजल्यानंतरच तिसऱ्या वर्षी गिअर अखंड निघाला. म्हणून पुढील मजकुरात अवजारांइतकाच भर आतील रचनेवर दिला आहे.

प्रथम कारण पाहू. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नळाच्या पाण्याने गाडीचा बाहेरचा भाग स्वच्छ होतो. परंतु कप आणि डिफचा डबा यांच्यामधील फटीत, तसेच बेअरिंगच्या आतल्या कड्याखाली शिरलेले खारे पाणी तेथेच सुकते आणि मीठ मागे राहते. साधे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढून घेऊन विरघळते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. म्हणजे गाडी माळ्यावर कोरडी ठेवलेली असली, तरी त्या फटीत पुन्हा खारे पाणी तयार होते आणि पोलाद गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट असते, आणि येथे दांडा व कडे यांच्यामधील जागा मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच असल्याने ती भरून जायला फारसा गंज लागत नाही. नवीन गाडीत हाताने सरकणारे बेअरिंग वर्षभरात दांड्याशी एकजीव झाल्यासारखे वाटते ते यामुळेच.

आधी नेमके काय अडकले आहे ते ओळखावे

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी काढून दुसऱ्या खोलीत ठेवावी. पुढे उष्णता वापरायची आहे आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी तिच्या जवळपासही असू नये. मोटर, सर्व्हो आणि रिसीव्हरही काढून ठेवल्यास गिअरबॉक्सवर गरम पाणी निर्धास्तपणे ओतता येते.

डिफ गिअरबॉक्समधून निघत नसेल, तर तो खरोखर अडकला आहे की एखादा भाग काढायचा राहिला आहे, हे पाहावे. मधला शाफ्ट आणि दोन्ही बाजूंचे डॉगबोन (कपांतून चाकांपर्यंत जाणारे दांडे) कपांतून पूर्ण बाहेर आलेले असले पाहिजेत, आणि गिअरबॉक्सचा एखादा स्क्रू चॅसिसच्या खालून आलेला असतो, तो मातीखाली झाकलेला राहतो. मला मदतीसाठी दाखवलेल्या गाड्यांपैकी निम्म्यांत तरी हाच दोष होता.

स्क्रूचे डोके गोल होणे हा पुढच्या सर्व अडचणींचा आरंभ असतो. ३ मिलिमीटरच्या बटन-हेड स्क्रूला २ मिलिमीटरची आणि त्याच मापाच्या कॅप-हेड स्क्रूला २.५ मिलिमीटरची ॲलन की लागते. आपल्याकडील स्वस्त संचांत इंची मापाच्या किल्ल्या मिसळलेल्या असतात. ३/३२ इंचाची की २.३८ मिलिमीटर भरते, ती २.५ मिलिमीटरच्या खाचेत बसल्यासारखी वाटते, पण जोर देताच खाचेचे कोपरे खाते. म्हणून की व्हर्नियरने मोजूनच वापरावी. स्क्रूच्या खाचेतील वाळू टाचणीने काढावी, आणि धातूत बसलेला स्क्रू असेल तर सोल्डरिंग आयर्नचे टोक अर्धा ते एक मिनिट खाचेत धरून मग फिरवावा. निळे थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावलेला गोंद) एवढ्या उष्णतेने सैल होते. लाल थ्रेडलॉकला मात्र २६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते, तेव्हा आयर्न अधिक वेळ धरावे लागते आणि धूर नाकात जाऊ नये म्हणून हे काम गॅलरीत किंवा उघड्या खिडकीपाशी करावे. प्लास्टिकमध्ये बसलेल्या स्क्रूला हा उपाय करू नये, कारण सामान्य नायलॉन २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळते आणि आटे त्याच्या बरेच आधी मऊ पडतात.

गिअरबॉक्समध्ये बेअरिंग धरले असल्यास

नायलॉनच्या गिअरबॉक्ससाठी गरम पाण्याइतका सुरक्षित उपाय दुसरा नाही. साधे नायलॉन तापमानाच्या प्रत्येक अंशाला मीटरमागे सुमारे ०.०८ मिलिमीटर प्रसरण पावते, तर पोलाद ०.०१२ मिलिमीटर. १६ मिलिमीटर व्यासाचे बेअरिंग ज्या खोबणीत बसते ती ३० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापवली, तर खोबण सुमारे ०.०५ मिलिमीटरने मोठी होते आणि बेअरिंग मात्र ०.००८ मिलिमीटरनेच वाढते. उरलेला फरक आकड्यात लहान वाटला, तरी वाळू आणि मिठाची पकड सुटायला तो पुरतो. काचतंतू मिसळलेले नायलॉन याच्या निम्म्याहूनही कमी फुगते, म्हणून तेथे दोन-तीन वेळा पाणी ओतावे लागते. पाणी उकळते नसावे. दोन मिनिटे भाग बुडवून ठेवावा, कापडाने धरावा आणि कपांना बोटांनी आलटून पालटून हलवत डिफ सरळ वर उचलावा. हीट गन वापरू नये. तिची हवा कित्येक शे अंशांची असते, आणि खोबणीची कड एकदा वाकली की रिंग गिअर (डिफवरचा मोठा गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा लहान गिअर) यांचे अंतर कायमचे बिघडते.

ॲल्युमिनियमच्या गिअरबॉक्समध्ये फटीत पांढरी भुकटी दिसते. ती खाऱ्या पाण्यात पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून राहिल्याने तयार होते. तेथे गरम पाण्याने होणारा फरक फारच थोडा असल्याने रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल (गंजलेल्या फटीत झिरपणारे पातळ तेल) मुरू देऊन सकाळी हेअर ड्रायरने तापवावे.

कप, पिन आणि सन गिअर

खरी अडचण येथे आहे, आणि गिअर व डबे याच ठिकाणी सर्वाधिक फुटतात. डिफमधील जोडणी बाहेरून दिसते त्याच्या उलट क्रमाची असते. कपाचा दांडा बाहेरून डब्याच्या भोकातून ओ-रिंग (तेल अडवणारे रबरी कडे) आणि शिममधून (पातळ चकतीतून) आत येतो. आत आल्यावर त्याच्या आडव्या छिद्रात एक बारीक पिन घातली जाते, आणि त्या पिनेवर सन गिअर त्याच्या पाठीवरील खाचेने बसतो. म्हणजे पिन सन गिअर आणि डब्याचा तळ यांच्यामध्ये असते, आणि तीच कपाला बाहेर पडू देत नाही. सन गिअर आत उचलल्याशिवाय पिन निघत नाही, आणि पिन निघाल्याशिवाय कप निघत नाही.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली अशी की, कप बाहेरच्या बाजूला ओढणे किंवा दांड्याच्या आतल्या टोकावर हातोडी मारून तो बाहेर ढकलणे, या दोन्ही कृतींत पिन डब्याच्या तळावर आदळते आणि डबा चिरतो. माझा डबा असाच चिरला होता. दुसरी अशी की, अनेक गाड्यांत बेअरिंग दांड्यावर, कप आणि डबा यांच्या मधोमध बसते. कपाचा व्यास बेअरिंगच्या भोकापेक्षा मोठा असल्यामुळे ते कपाच्या बाजूने कधीच निघू शकत नाही. तरीही दोन पेचकस खुपसून त्याला कपाकडे रेटले जाते. ज्या रचनेत बेअरिंग डब्याच्याच उंचवट्यावर बसते आणि कपापेक्षा मोठ्या भोकाचे असते, तेथेच ते कपावरून सरकते. आपली रचना कोणती हे बेअरिंगच्या भोकाशी कपाची जाडी ताडून पाहिल्यास लगेच कळते.

तेव्हा प्रथम डिफचे झाकण काढावे. रिंग गिअर झाकणाचे काम करत असेल, तर त्याचे चार स्क्रू थोडे थोडे, समोरासमोर सोडवावेत. आतील जुने सिलिकॉन ऑइल वाटीत ओतावे, स्पायडर गिअर (दोन सन गिअरांना जोडणारे लहान गिअर) आणि त्यांच्या आडव्या पिना काढून क्रमाने मांडाव्यात, आणि उरलेले तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावे. ही धुलाई टाळू नये. तेल दाट असेल तर सन गिअर आणि डब्याचा तळ यांच्यामध्ये चोषण तयार होते, आणि गिअर अडकला नसूनही अडकल्यासारखा वाटतो. अशा वेळी त्याला हिसका न देता चिमट्याने एका बाजूने सावकाश उचलत फिरवले, की हवा आत शिरून तो सुटतो.

तेल निघूनही गिअर हलत नसेल, तर कारण गंज असते किंवा पिनेने पाडलेला व्रण. दोहोंतील फरक असा ओळखावा: कप एका हाताने धरून सन गिअर मागे-पुढे फिरवावा. पिनेच्या खाचेत थोडी जरी हालचाल जाणवली, तर गिअर गंजाने पूर्ण धरलेला नाही; पिन वाकली आहे किंवा तिची टोके खाचेच्या भिंतीत रुतली आहेत. हालचाल अजिबात नसेल तर गंज धरावा.

गंजासाठी पेनिट्रेटिंग ऑइलचे तीन-चार थेंब गिअरच्या मधोमध आणि तितकेच बाहेरून कपाच्या मुळाशी सोडून डिफ किमान १२ तास तसाच ठेवावा. डब्ल्यूडी-फोर्टी वापरल्यास हरकत नाही. ते मुळात १९५३ साली पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाले, आणि फटीत ते चांगले शिरते. मात्र पेट्रोलियमचे द्रव सिलिकॉन रबराला फुगवतात, म्हणून या प्रसंगानंतर आतल्या ओ-रिंग नव्या घालाव्यात. ॲसिटोन मिसळलेली घरगुती मिश्रणे गाडीच्या पॉलिकार्बोनेट बॉडीजवळ आणू नयेत.

गिअर काढताना जोर कोठून कोठे जातो याचा विचार आवश्यक आहे. सन गिअर आतल्या बाजूस ओढला गेला पाहिजे आणि त्याच वेळी दांड्याचे टोक बाहेरच्या बाजूस दाबले गेले पाहिजे, म्हणजे दोन्ही जोर गिअर आणि दांडा यांच्यामध्येच राहतात आणि डब्यावर काहीच येत नाही. लहान दोन-पायी पुलर (गिअर ओढून काढायचे अवजार) हेच करतो. परंतु बाजारातील बहुतेक पुलरांचे पाय जाड असतात आणि डब्यात मावत नाहीत. मी सायकलच्या दोन स्पोकांपासून पुलर केला, आणि तो आजवर मिळालेल्या कोणत्याही अवजारापेक्षा उपयोगी ठरला आहे. स्पोक २ मिलिमीटर जाडीचा पोलादी असतो, त्याचे एक टोक मुळातच वळलेले असते आणि दुसऱ्या टोकाला आटे असतात. वळलेल्या टोकाची घुंडी कानशीने घासून चपटी करावी, म्हणजे ती गिअरच्या पाठीखाली शिरते. ३ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत मधोमध ४ मिलिमीटरचे आटे पाडावेत, दोन्ही बाजूंना स्पोकासाठी भोके घ्यावीत, स्पोक खालून घालून वर त्यांचे निपल (स्पोकाचे नट) लावावेत. आता पिनेच्या दिशेशी काटकोनात, समोरासमोर, दोन्ही आकडे गिअरखाली अडकवावेत, निपल समान ताणाने आवळावेत आणि मधला स्क्रू दांड्याच्या टोकावर फिरवावा. पाव फेरा देऊन थांबावे, पट्टीवर पेचकसाच्या मुठीने हलके ठोके द्यावेत, पुन्हा पाव फेरा द्यावा. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या फेरीला बारीक टक् असा आवाज येतो आणि गिअर सुटतो. तो आवाज गंज तुटल्याचा असतो; दात तुटल्याचा आवाज याहून कोरडा आणि मोठा असतो.

काही सन गिअरना मधोमध आरपार भोक नसते, त्यामुळे दांड्याचे टोक दिसत नाही. तेथे मधला स्क्रू काढून टाकावा, पट्टी डब्याच्या काठावर टेकवावी, काठाखाली रबराची चकती द्यावी आणि निपल आवळूनच गिअर वर खेचावा. हा जोर काठावर आणि बेअरिंगवर येतो, म्हणून तो मर्यादेतच ठेवावा. गिअर सुटत नसेल तर आणखी आवळण्याऐवजी आणखी एक रात्र तेल मुरू द्यावे. अनेक गाड्यांचे हे गिअर धातूची भुकटी दाबून बनवलेले असतात. ते झीज चांगली सोसतात, पण ठोका सोसत नाहीत, आणि एका दाताचा टवका उडाला की त्याचे तुकडे फिरून बाकीचे दातही खातात.

गिअर निघाल्यावर पिन पाहावी. ती वाकलेली असेल तर छिद्रातून सहज निघत नाही. तिच्याच जाडीचा पंच लावून आणि दांडा लाकडी ठोकळ्यावर टेकवून ती ठोकून काढावी. डबा हवेत धरून ठोकू नये. मग कप बाहेर येतो. त्याच्यावर बेअरिंग गंजले असेल, तर ते आता टाकाऊ समजावे. बाहेरचे कडे धरून बेअरिंग ओढले की सगळा जोर आतल्या छर्‍यांतून जातो आणि त्यांच्या वाटेवर खळगे पडतात. त्यामुळे असे काढलेले बेअरिंग हाताला गुळगुळीत लागले तरी पुन्हा बसवू नये. व्हाइसचे जबडे बेअरिंगच्या खाली दांड्याभोवती मोकळे ठेवून, त्यांच्यावर बेअरिंग टेकवून दांडा वरून पंचाने उतरवावा. बाहेरचे कडे फुटून आतले कडे दांड्यावर राहिले, तर छोट्या कटिंग डिस्कने त्या कड्याला दांड्यापर्यंत न पोहोचणारी खाच पाडावी आणि खाचेत पेचकस पिळून ते तडकवावे. या वेळी डोळ्यांवर गॉगल असलाच पाहिजे, कारण बेअरिंगचे पोलाद कठीण असते आणि त्याचे कण वेगाने उडतात.

पुन्हा बसवताना

नवी बेअरिंग गाडीच्या ब्रँडची मागवायलाच हवीत असे नाही. मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगची दुकाने ओळीने आहेत, आणि तेथे क्रमांक सांगितला की काम होते. ८ × १६ × ५ मिलिमीटरसाठी ६८८, १० × १५ × ४ मिलिमीटरसाठी ६७००, १२ × १८ × ४ मिलिमीटरसाठी ६७०१ आणि ५ × ११ × ४ मिलिमीटरसाठी एमआर ११५ हे क्रमांक चालतात. क्रमांकापुढे झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणे आणि टूआरएस असेल तर रबरी सील असते. आपल्या हवेसाठी रबरी सीलच घ्यावे. दुकानदाराला जाडी आवर्जून सांगावी, कारण ६८८ आणि ६७०० ही बेअरिंग उघड्या रूपात (झाकण किंवा सील नसलेली) १ मिलिमीटरने पातळ येतात, आणि ती बसवल्यास डिफ गिअरबॉक्समध्ये आडवा सरकतो.

दांड्यावरील गंज १००० नंबरच्या पॉलिश पेपरने, दांडा फिरवत काढावा. कड्याच्या ठिकाणी दांडा खोलवर खाल्ला गेला असेल, तर कपच बदलावा. पिनेच्या छिद्राभोवती उठलेली कड कानशीने सपाट करावी. पुढच्या वर्षी गिअर अडकवण्याचे काम हीच कड करते. बेअरिंग सरकवण्यापूर्वी दांड्यावर, पिनेवर आणि कपाच्या मुळाशी जलरोधक ग्रीसचा पातळ थर द्यावा. ओ-रिंगला मात्र सिलिकॉन ग्रीसच लावावे. डब्यात नवे तेल आडव्या पिना जेमतेम झाकतील इतकेच भरावे, कारण गाडी धावताना तेल तापून वाढते आणि जागा न उरल्यास सीलमधून बाहेर येते. झाकणाचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसत असतील, तर ते आधी उलटे फिरवून जुन्या आट्यात पडल्याची जाणीव झाल्यावरच सुलटे फिरवावेत. नवे आटे पडले की जुने निकामी होतात.

ही समस्या परत येऊ नये यासाठी मी सवयीत एकच बदल केला आणि गेल्या पावसाळ्यात डिफ बोटांनी उघडला. खाऱ्या वाळूत गाडी धावली की त्याच संध्याकाळी डिफ गिअरबॉक्ससकट काढून, गोड्या पाण्याच्या बादलीत कप फिरवत दोन पाण्यांतून काढतो, रात्रभर पंख्याखाली ठेवतो आणि सकाळी कपांच्या मुळाशी तेलाचा एकेक थेंब सोडतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, हवा दमट होण्याच्या आधी, दोन्ही डिफ एकदा उघडून पिना काढून पाहतो. पिन चिमट्याने आपोआप सरकली तर ग्रीस लावून लगेच बंद करतो. ती थोडीही अडली तर तेथील गंज त्याच दिवशी काढतो.